कोठ्यातला हातप्रेस

दिवाळी सरली की भंडाऱ्यातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर धानाचा वास येतो. तो गोड नसतो. उबट, धुळकट, अर्धवट वाळलेल्या तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा असतो. बांध्यांमधलं पाणी आटलेलं असतं, धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, भारे रचलेले असतात, आणि खळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांतून गळलेल्या लोंब्या रस्त्यावर पडलेल्या दिसतात. या दिवसांत इतरांना मंडईची जत्रा आठवते, दंडारीचं लोकनाट्य आठवतं, नव्या तांदळाचा भात आठवतो. माझ्या मात्र उजव्या खांद्यात ताण येतो. प्रेसचा दांडा ओढायच्या आधी येतो तसा. आता वय झालं, शाळेतून निवृत्त होऊनही बराच काळ लोटला, पण खांद्याला ते कोणी सांगितलेलं नाही.

ती सुगी ऐंशी सालाच्या आसपासची. मोहाडीपासून आत आमचं गाव, गावाला तलाव, तलावाखाली आमच्या धानाच्या बांध्या. मी गावच्याच शाळेत शिक्षिका होते आणि लग्न झालेलं नव्हतं. लग्न न होण्याचं कारण गावाला ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारत नसे. लहानपणी ताप आला आणि माझा डावा पाय बारीक राहिला. त्या पायात नागपूरहून करून आणलेला उंच तळाचा बूट असे. बुटाला दोन लोखंडी सळ्या, आणि सळ्यांना मांडीपर्यंत कातड्याचे पट्टे. पावसाळ्यात पट्टे फुगत, उन्हाळ्यात तडकत. ते दुरुस्त करायचे तुळशीरामकाका. गावातल्या सगळ्यांच्या चपला, बैलांचे पट्टे, मोटेची कातडी, सगळं त्यांच्या हातचं. ते आमच्या अंगणाच्या कडेला चिंचेखाली बसत, ओसरीवर कधी येत नसत. मी एका पायावर शेजारी उभी राहून रापीच्या रुंद पात्यानं कातडं कसं उलगडत जातं ते बघत असे. मला ते फार आवडे. कातडं कापताना कापडासारखा आवाज येत नाही. एक दबलेला, ओला आवाज येतो, जणू वस्तू आपली मान्यता देते आहे.

त्या काळी शिक्षिकांनी छंद जोपासावा असं सगळ्यांना वाटे. पण कोणते छंद, ते ठरलेलं होतं. लोकरीचे पोपट, मण्यांचे हंस, प्लॅस्टिकच्या वायरीच्या पिशव्या. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी नागपूरला मावशीकडे राहून बायकांच्या हस्तकलेच्या वर्गात गेले. वर्गातल्या सगळ्याजणी भरतकामाच्या टेबलाकडे गेल्या. मी कोपऱ्यातल्या चामडी कामाच्या टेबलाशी जाऊन बसले. तिथल्या बाईंनी माझ्या बुटाकडे पाहिलं आणि काही न विचारता हातात कातड्याचा तुकडा दिला. त्या सुट्टीत मी पट्टी गुंफायला शिकले, ओल्या कातड्यावर ठसा उठवायला शिकले, आणि एक बटवा केला. त्याच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नव्हत्या.

न जुळण्याचं दुःख ज्यानं हातानं कापलंय त्यालाच कळेल. झाडाच्या सालीनं कमावलेलं जाड कातडं सुरीखाली सरकतं. सरळ रेघ एकवेळ जमते, गोलाई जमत नाही. दोनदा कापलेले दोन तुकडे कधीच एकसारखे निघत नाहीत. बाईंनी सांगितलं होतं की उपाय दोन वस्तूंचा आहे. एक डाय, म्हणजे हव्या त्या आकारात वळवलेली धारदार पोलादी पट्टी. आणि दुसरा प्रेस, म्हणजे ती डाय एका दमात कातड्यातून खाली दाबणारं यंत्र. हातोड्यानं डाय ठोकता येते, पण ती उडते आणि दुहेरी काप पडतो. पीठ मळताना, मुलांच्या पाट्या तपासताना, मी प्रेसचा विचार करत असे. काही मुली दागिन्यांचा करतात तसा.

आधी डाय. लाखनीला हमरस्त्याच्या कडेला ट्रकांची कामं करणारा एक वेल्डर होता. मी एका सुट्टीच्या दिवशी बसनं जाऊन तिथं उतरले, आणि पुठ्ठ्यावर काढलेला बटव्याच्या झाकणाचा आकार त्याच्यापुढे ठेवला. तो ट्रकच्या कमानीचा पाटा घेऊन बसला होता. ते पोलाद फार जाड, वळणार नाही, असं मी म्हटल्यावर त्याला राग आला. पण रागातच त्यानं विचार केला आणि आरामशीनच्या मोडलेल्या करवतीची पट्टी शोधून आणली. आमच्या भागात जंगल, त्यामुळे आरामशिनी भरपूर, आणि मोडक्या पट्ट्याही भरपूर. पट्टी वळली, टोकं जोडली गेली. पण धार त्यानं आतल्या बाजूनं उतरवली. त्या डायनं कापलेल्या तुकड्याची कड तिरपी आली. मी परत गेले. उतार बाहेरून हवा, म्हणजे आतला तुकडा सरळ कडेचा निघतो, असं समजावलं. टोकदार कोपरा कातड्याला फाडतो म्हणून कोपरे गोल करून मागितले. उंची सगळीकडे सारखी हवी म्हणून काचेवर उलटी ठेवून दाखवली. तो म्हणाला की ट्रकवाले इतका त्रास देत नाहीत. मी म्हणाले, ट्रकवाल्यांना घाई असते, मला नाही. पुढच्या खेपेला डाय तयार होती, आणि ती माझी होती.

मग प्रेस. डाय, कातड्याचे तुकडे आणि लाकडाचा एक ठोकळा पिशवीत घालून मी हिंडू लागले. पाहायला जाताना लोक शब्द घेऊन जातात. मी कातडं घेऊन जात असे. भंडाऱ्यात एक छापखाना बंद पडत होता, तिथं पुस्तकं दाबायचा प्रेस मिळत होता. वरचं चाक फिरवलं की पाटी संथपणे खाली येई. दिसायला देखणा. पण पाटी सैल होती, डाय एका अंगानं आधी रुतली आणि दुसऱ्या अंगानं रुतलीच नाही. नागपूरला एका दुकानात नवा, हिरव्या रंगाचा, दांड्याचा लहान प्रेस पाहिला. त्याच्या तोंडात डाय आणि ठोकळा मिळून मावत नव्हते. दुकानदार म्हणाला की ठोकळा काढा आणि लोखंडावरच कापा. लोखंडावर कापलं तर डायची धार पहिल्याच दिवशी मरते. मी पिशवी उचलली. मागून तो सांगत होता की बाई, शिवणयंत्र दाखवू का.

शेवटी भंडाऱ्यातच मिळाला. पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत. त्या वर्षांत घरोघर स्टीलची भांडी येत होती आणि गल्लीतली ठकठक कमी होत चालली होती. एका म्हाताऱ्या कारागिराच्या पडवीत हातप्रेस उभा होता. मध्ये मनगटाएवढा आट्यांचा दंड, वर आडवा दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळे. दांडा ओढून सोडला की गोळ्यांच्या वजनानं तो गरकन फिरे आणि दंड खाली आदळे. यानं ते भांड्यांच्या कड्यांना भोकं पाडत. तोंड मोठं, पाटी घट्ट, दंडाला जरा म्हणून हेलकावा नाही. मी ठोकळा ठेवला, त्यावर कातडं, त्यावर डाय. म्हाताऱ्यानं माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाला की हे उभ्यानं ओढायचं काम आहे, तुमच्यानं होणार नाही. मी बुटाची टाच प्रेसच्या बुडाशी अडकवली आणि दांडा ओढला.

एकच आवाज झाला. डाय उचलली तर खाली झाकण पडलेलं होतं, कड सरळ, गोलाई पुरी.

म्हाताऱ्यानं ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. मग ते कातडं आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं हात धोतराला पुसले. प्रेस द्यायला तो तयार झाला, पण म्हणाला, "इथून नेला म्हून कोनाले सांगू नोका." मी घरी येईपर्यंत बसमध्ये हातातलं झाकण पाहून ज्यानं ज्यानं विचारलं त्या प्रत्येकाला प्रेस कुठून घेतला ते सांगितलं.

प्रेस मागाहून बैलगाडीतून आला तो दिवस खळ्याच्या पूजेचा होता. चुरणा, म्हणजे मळणी, अजून व्हायचा होता, भाऱ्यांची रचलेली पुंजणी उभी होती, आईनं खळं सारवून मधल्या खुंटाला हळदकुंकू वाहिलं होतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फाटकात आडवा उभा राहिला. गाडीवान खाली मान घालून बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"हे अंदर नाही येनार," दादा म्हणाला. "तू त्याच्यावर कातडं कापशीन."

"कापीन."

"ते त्यायचं काम हाय. आपल्या घरात कायले?"

"माह्या पायात लहानपनापासून कातडं हाय, दादा. त्याच पायानं मी आता पूजेले उभी होती."

दादा वाईट माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. बूट मिळण्याआधी, पावसाळ्यात धुऱ्यांवरून घसरत, मला पाठीवर घेऊन शाळेत सोडणारा तोच. त्याच्या मानेचा घामट वास मला अजून आठवतो. पण पाठीवर घेतलेलं माणूस खाली उतरून आपल्या दिशेनं चालू लागलं की उचलणाऱ्याला काय वाटतं, ते मला त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.  मग बाबा म्हणाले, कोठ्यात ठेवा. गुरांच्या कोठ्यात, घरात नाही. दादाला वाटलं त्याच्या मनासारखं झालं. मला वाटलं, कोठा तर कोठा.

साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, ओंडक्यावर मी प्रेस बसवून घेतला. कोठ्यात शेणाचा आणि ताज्या तणशीचा ऊबदार वास असे, कौलांमधून उन्हाचे कवडसे पडत. शाळा सुटली की मी तिथं जाई. पहिले काही दिवस दांडा आदळला की बैल दचकून दावं ताणत. मग त्यांना सवय झाली. माणसांना वेळ लागला. पाणवठ्यावर बायका बोलत, शाळेत मुख्याध्यापक घसा साफ करत, आणि पूर्वी ज्या घरी मला सणाला बोलावणं येई तिथून येईनासं झालं. पगार माझा होता, हात माझे होते. मी बटवे कापत राहिले, चष्म्याची घरं कापली, आणि एक दिवस माझ्या पायाचे पट्टे मीच कापले.

कातडं आणायला मी तुळशीरामकाकांच्या घरी जाई. तिथं त्यांची मुलगी सखू असे. लहानपणी ती शाळेत माझ्याच वर्गात होती, चौथीपर्यंत. लग्न होऊन गेली होती आणि नवऱ्यानं टाकल्यावर परत आली होती. बापाच्या शेजारी बसून ती चपलांचे तळ कापायची. माझा बटवा मी कौतुकानं तिला दाखवला. तिनं तो पाहिला, चांगला आहे म्हणाली आणि परत दिला. मग रापी खाली न ठेवता म्हणाली, "तुमी केलं तं शौक हाय, कमलबाई. आमी केलं तं जात."

मी बटवा पिशवीत टाकला आणि कातडं घेऊन निघाले.  घरी येताना मला कळलं की दादाशी भांडताना मी फक्त माझ्या पायाबद्दल बोलले होते. ज्यांच्या हातांवरून सगळं भांडण होतं, त्यांचं नावही आमच्या फाटकात निघालं नव्हतं.

गावची मंडई झाली आणि दुसऱ्या दिवशी कोंढ्याहून माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, पाहायला पाहुणे यायचे होते. चांगलं शेतीचं घर, मुलगा शिकलेला. सकाळी दादा कोठ्यात आला, त्यानं प्रेसवर तणीस रचली आणि मला मागच्या खोलीत थांबायला सांगितलं. मी विचारलं, काहून. तो म्हणाला, "तुह्या पायानं तुहं राहिलं. तिचं तरी होऊ दे." तो हे मोठ्यानं बोलला नाही. हळू बोलला, म्हणून जास्त लागलं.

मी मागच्या खोलीत बसले. सुमीसाठी बसले. ओसरीवरचं बोलणं ऐकू येत होतं. पाऊसपाणी, धानाचा उतारा, नातीगोती. मग मुलाच्या वडिलांनी विचारलं की तुमच्याकडे कातड्याचं काही चालतं असं कानावर आलं, खरं काय. आणि दादा म्हणाला की छे, जुनं भंगार आहे, विकायचं आहे.

त्या शब्दावर मी उठले. कोठ्यात गेले, तणीस ओढून बाजूला टाकली, कातडं ठेवलं, डाय ठेवली आणि दांडा ओढला. पुन्हा ठेवलं, पुन्हा ओढला. ओसरीवरचं बोलणं थांबलं तरी मी थांबले नाही. पाहुणे उठून कोठ्याच्या दारात आले. मुलाच्या वडिलांनी आत पाहिलं, मला पाहिलं, पण विचारलं दादाला, हे बंद होईल का. दादा म्हणाला, होईल. मी म्हणाले, नाही होणार.

त्यांच्या मागे सुमी उभी होती, हातात पोह्यांची बशी, अंगावर आईची हिरवी साडी. ती आजवर पाहुण्यांसमोर मान वर करून बोललेली नव्हती.

"ताईचं बंद करून मले नेत असान," ती म्हणाली, "तं मले नाही यायचं."

पाहुणे भांडले नाहीत. पोहे खाल्ले, चहा घेतला, नमस्कार करून गेले. निरोप काही आला नाही. सुमी त्या संध्याकाळी खूप रडली. मुलाचा फोटो तिला आवडला होता. मी जवळ गेले तर म्हणाली, "मी तुह्यासाठी नाही बोलली, ताई. आज तुहं बंद करत होते, उद्या माहंही काही बंद करतीन, म्हून बोलली." मला वाटतं, आमच्या घरात तोवर इतकं शहाणपणाचं कोणी बोललं नव्हतं. पुढे तिचं लग्न तुमसरला झालं, उशिरा झालं, पण तिच्या पसंतीनं झालं. त्या मधल्या वर्षांतले टोमणे तिनं सोसले, मी नाही. हे मी विसरत नाही.

दादानं माझ्याशी बोलणं सोडलं. एकाच खोलीत बसून तो आईला सांगे की तिला सांग कंदिलाची काच पुसायची आहे. पुढच्या पावसाळ्यात, परह्याच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, रोवणीला बायका मिळेनात तेव्हा, तो थेट माझ्याशी बोलला, पण ते रोवणीबद्दल. प्रेसचं नाव त्यानं पुढेही कधी घेतलं नाही.

पण त्याला खरी सलणारी गोष्ट पाहुणे येऊन गेले त्याच हिवाळ्यात घडली होती. धान विकलं गेलं की गावात नव्या चपला होतात. तुळशीरामकाकांचं मनगट दुखून सुजलं होतं आणि सखू एकटी तळ कापत होती. मी म्हटलं, तळाच्या मापांच्या डाय लाखनीहून करून घेऊ आणि माझ्या प्रेसवर काप. सखूला ते पटलं. कोणती मापं जास्त खपतात ते तिनं सांगितलं, तेवढ्याच डाय केल्या. त्या आल्या तेव्हा मी सहज म्हणाले की कोठ्याला मागच्या गल्लीतून दार आहे, तिकडून ये.

सखूनं हातातली डाय खाली ठेवली.

"मागच्या दारानं नाही येनार मी. आली तं समोरून येईन, ओसरीवरून. नाही तं रापी हाय माह्याजवळ."

मी घरी आले. सगळे जेवायला बसले होते. मी सांगितलं की उद्या सकाळपासून सखू प्रेसवर कामाला येईल, समोरून येईल. विचारलं नाही, सांगितलं. दादा ताटावरून उठला. आईनं त्याच्या ताटाकडे पाहिलं, आणि माझ्या ताटात भात वाढला.

सखू आली. पायात स्वतः केलेल्या नव्या चपला होत्या, करकर वाजणाऱ्या. एके काळी तिच्या आजीला आमच्या गल्लीतून चपला हातात घेऊन जावं लागे, हे गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं, आणि ते सगळे आपापल्या दारात बसलेले होते. ती गल्लीच्या मधून चालत आली. फाटकातून आली, चिंचेजवळून आली, ओसरीच्या पायऱ्या चढली. दादा बाजेवर बसला होता. तिनं चपला काढल्या आणि आमच्या सगळ्यांच्या वहाणांच्या रांगेत ठेवल्या. दादानं तिच्याकडे पाहिलं नाही, चपलांकडे पाहिलं. मग तो उठला, आपल्या वहाणा उचलून हातात घेतल्या, अंगणात गेला आणि तिथं पायात घातल्या.

सखूनं ते पाहिलं होतं. कोठ्यात येऊन तिनं ठोकळ्यावर कातडं पसरलं, तळाची डाय मांडली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि असा ओढला की ओसरीवरची भांडी वाजली.

"उद्या येते का नाही, तं पाहून राहिला तो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली. समोरून. ओसरी चढली, आणि चपला काढून रांगेच्या अगदी मधोमध ठेवल्या.